तानूमावशींचा साडेसहा फुटांचा गिलावा

गुरुवारी सकाळी सात वीस झाले तरी फाटकाशी हाक आली नाही, तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. तानूमावशी भाजीची पाटी घेऊन आमच्या गल्लीत शिरत त्या सव्वासाताला. पाच मिनिटं इकडेतिकडे, त्यापलीकडे नाही. मी शाळेत गेलो. तिसरा तास संपता संपता बायकोचा फोन आला. मावशींचा मुलगा संजय घरी येऊन सांगून गेला होता... पहाटे मेथीच्या जुड्या बांधायला बसल्या, सोळा बांधून झाल्या, आणि सतरावी हातात असतानाच भिंतीला टेकल्या. दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही. जन्मसाल त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. धाकट्या भावाचं वय आणि लग्नाचं साल यांवरून मी एकदा हिशेब मांडला होता. अडुसष्ट ते एकाहत्तरच्या दरम्यान कुठेतरी असतील.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मी गणिताचा शिक्षक आहे, लिहिण्याची सवय फक्त फळ्यावरची. पण ज्या बाईकडून मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी एक नवी गोष्ट शिकलो, तिच्याबद्दल कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे, असं वाटत राहिलं.

आमचं घर साताऱ्याच्या कडेला आहे. मागे छोटी बाग आणि बागेच्या पाठीमागे विटांची भिंत, लांबी एक्केचाळीस फूट, उंची पाच. घर बांधलं तेव्हा या भिंतीच्या आतल्या बाजूचा गिलावा राहिला तो राहिलाच. अठरा वर्षं विटा उघड्या होत्या. दर पावसाळ्यात त्या पाणी प्यायच्या, हिवाळ्यात त्यांचे पापुद्रे सुटायचे. मागच्या वर्षी दोन गवंड्यांना विचारलं. दोनशे पाच चौरस फुटांसाठी कोण सामान घेऊन येणार, असं एकाने तोंडावर सांगितलं, दुसरा येतो म्हणाला आणि आला नाही. मग मी ठरवलं की आपणच करायचं. मोबाइलवर चार-पाच चित्रफिती पाहिल्या. सिमेंट-वाळूचं एकाला चार प्रमाण, बारा मिलिमीटर जाडी, त्यावरून एकूण माल काढला. बाजारातून थापी, गिलावा घोटायचा लाकडी रंधा आणि सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आणली. कागदावर सगळं बरोबर होतं.

पहिल्या रविवारी अर्धं पोतं सिमेंट एकदम कालवलं. अकरा वाजेपर्यंत सहा फूट भिंत झाकली आणि लांब उभा राहून पाहिलं. साडेअकराला वरच्या बाजूने एक फुगवटा आला. मी तो हाताने दाबला. पावणेबाराला अख्खा थर चादर घसरावी तसा खाली आला आणि बायकोच्या शेवंतीवर बसला. घमेल्यात उरलेला माल तोवर दगड झाला होता.

दुसऱ्या दिवशी मावशी पाटी उतरवून भाजी देताना बायकोने त्यांना हे दाखवायला मागे नेलं. मी खजील होऊन कोपऱ्यात उभा. मावशींनी पडलेला तुकडा उचलला, त्याची विटेला लागलेली बाजू अंगठ्याने घासून पाहिली, मग विटेवर बोट फिरवून ते जिभेला लावलं.

"गुरुजी, भिंत तान्हेली हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या मालातलं पाणी तिनंच पिऊन टाकलं. आदी तिला पाजायचं, मग आपलं काम सांगायचं."

हे त्यांना कसं ठाऊक, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते माझ्या अजून लक्षात आहे. "ह्या घराच्या पायाला मीच हुते की. वळखलं न्हाई व्हय?"

नव्हतं ओळखलं. नवरा गवंडी, त्याच्या हाताखाली त्यांनी एकतीस वर्षं माल कालवला आणि घमेली वाहिली, निम्मी साताऱ्यात आणि निम्मी सांगलीत. पुढे नवरा वारला आणि त्यांचा खांदा आखडला, तेव्हा डोक्यावरचं घमेलं उतरवून भाजीची पाटी घेतली. त्या सांगत होत्या आणि मी मनात आमच्या बांधकामाच्या दिवसांची वही उघडत होतो. घरात जाऊन पाहिलीच. रोज कोण आलं ते मी नीट लिहून ठेवलेलं आहे. गवंड्यांची नावं आहेत, सुताराचं आहे, पाण्याच्या टँकरवाल्याचंही आहे. त्याखाली रोज एकच ओळ : "बाया – दोन". त्या दोनांतल्या एक तानूमावशी होत्या.

पुढच्या रविवारी भाजी संपवून त्या आल्या आणि माझं शिक्षण सुरू झालं. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवायची, सकाळी पुन्हा भिजवायची. विटांच्या सांध्यांतला जुना माल खरवडून काढायचा, गुळगुळीत जागी छिन्नीने टाचे मारायचे म्हणजे नवा माल धरून राहतो. आधी पातळ मालाचा सडा मारायचा. मग दोरी ताणून, ओळंबा सोडून, चार-चार फुटांवर मालाचे छोटे ठिय्ये लावायचे आणि त्यांच्या पातळीत मधली जागा भरायची. वाळू दोनदा चाळायची. आणि अर्ध्या-पाऊण तासात संपेल तेवढाच माल कालवायचा. हे शेवटचं सांगताना त्यांनी माझ्या घमेल्यातल्या दगडाला पायाने हलकेच ढोसलं.

माल मात्र त्या मला कालवू देत नसत. "माल माजा, थापी तुमची," अशी पहिल्याच दिवशी वाटणी झाली. मुठीत गोळा धरायचा, दाबायचा, उघडायचा. बोटांचे वळ उमटून तो तसाच राहिला की झालं. मी पाण्याचं माप विचारत असे आणि ते त्यांना देता येत नसे, कारण वाळू रोज वेगळी ओली असते, हे मला चौथ्या रविवारी पटलं. घमेल्यांच्या बाबतीत तर मी सपशेल हरलो. माझ्या हिशेबाने अख्ख्या भिंतीला एकोणीस घमेली माल लागायला हवा होता. त्यांनी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालून सत्तावीस सांगितली. लागली साडेसव्वीस. सांध्यांत जाणारा आणि खाली सांडणारा माल मी धरलाच नव्हता.

मला त्यांनी थापी चालवायला शिकवलं ती फक्त बोलून. पदर खोचून, हाताची घडी घालून त्या माझ्या डाव्या अंगाला दोन पावलांवर उभ्या राहत. मी माल भिंतीला लावायला जायचो आणि तो अर्धा खाली पडायचा. "भाकरी थापताय का गुरुजी? फेकायचा आस्तुया तो. मनगट सोडा." मी मनगट सोडलं की माल चष्म्यावर. एकदा म्हणाल्या, शाळेत पोरांना मारताना हात बरा सुटत असेल, इथंच कसा आखडतो? मी म्हटलं, मावशी, मी पोरांना मारत नाही. "मंग ततं बी शिकायचं ऱ्हायलंच की," असं म्हणून त्या इतक्या हसल्या की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. पण इतक्या दिवसांत, माझा हात कितीही चुकत असला तरी, असं धरा म्हणून थापी त्यांनी एकदाही हातात घेतली नाही. मी पुढे केली तर हात मागे घेत. मला वाटलं, आपल्यालाच सवय व्हावी म्हणून असेल.

सात सुट्ट्यांमध्ये साडेचौतीस फूट झाले. सुरुवातीचे दहा फूट बघवत नाहीत, पुढचे बरे आहेत. साडेसहा फूट उरले. आठव्या रविवारी मावशींनी माल कालवून दिला आणि मी पहिला फटका मारला, तेव्हा मनगटातून कळ आली ती खांद्यापर्यंत. आदल्या आठवड्यापासून ते सुजलंच होतं, मी दुर्लक्ष केलं होतं. थापी हातातून सुटली. दोन घमेली ताजा माल समोर. मावशी आळीपाळीने मालाकडे आणि उन्हाकडे पाहत होत्या. वाया गेलेला माल त्यांना सांडलेल्या दुधासारखा मनाला लागत असे. बायको सहज म्हणाली, "मावशी, तुम्हीच मारा की."

त्या बागेच्या बाजूच्या फाटकाशी गेल्या, गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, फाटक लावून कडी घातली. मग परत येऊन थापी उचलली, धुतली, आणि पहिला माल भिंतीवर गेला तो आवाज मी अजून विसरलो नाही. माझ्या मालाचा आवाज पचकन यायचा. त्यांचा एकदाच, टप्प, आणि खाली काही पडलं नाही. खांदा दुखरा होता म्हणून वरच्या बाजूला डावा हात उजव्याला आधार द्यायचा. ओठ मिटलेले, नजर भिंतीवरून हलत नव्हती. साडेसहा फूट त्यांनी, मध्ये स्वतःच पुन्हा माल कालवून, एक तास पस्तीस मिनिटांत पूर्ण केले, रंधा फिरवून. मला पाच फुटांना सकाळ जात असे. एकतीस वर्षं नुसतं पाहून हात एवढा तयार होतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो.

यानंतर मी जे केलं ते लिहायला जड जातं, पण लिहिलं नाही तर हा लेख खोटा ठरेल. मावशी नळावर हात धुवायला गेल्या. मी सवयीने पट्टी उचलली आणि त्यांच्या भागावर आडवी लावली. मधोमध, जमिनीपासून साडेतीन फुटांवर, पट्टीमागे फट दिसली. तीन मिलिमीटर. माझ्या भागात अशा फटी मी अकरा मोजल्या होत्या. पण चूक दिसली की हात थांबत नाही, मुलांच्या वह्या तपासून तपासून लागलेली खोड. "मावशी, इथं तीन मिलिमीटर खळगा आहे," असं मोठ्याने सांगितलं आणि डाव्या हाताने थापी घेऊन वीतभर जागा खरवडली, उरलेला माल भरला, माझ्या परीने सपाट केली. वळून पाहिलं तर मावशी मागे उभ्या होत्या. हातांतून पाणी निथळत होतं. "येते गुरुजी," एवढं म्हणाल्या. फाटकाची कडी काढली आणि गेल्या.

सोमवारी हाक आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी दुपारी जेवताना मी म्हणालो की मावशींना बरं नसेल. बायकोने भाकरी ताटात ठेवली आणि तिला पूर्वी कधीतरी चहा पिताना मावशींनी सांगितलेली गोष्ट मला सांगितली. सांगलीला एका बंगल्याचं काम चालू होतं. नवरा तापाने दोन दिवस पडून, आणि जिन्यामागची एक भिंत राहिलेली. दुपारी बाकीचे गवंडी पुढच्या बाजूला होते, माल तयार होता. मावशींनी त्याची थापी घेतली आणि ती भिंत करून टाकली. दुसऱ्या सकाळी नवरा कामावर आला. गिलाव्यात खोट नव्हती. पण बाकीचे हसले, आता थापी बायकोलाच दे आणि तू घमेलं घे म्हणाले. त्याने सगळ्यांसमोर तो कच्चा गिलावा खरवडून काढला आणि खाली पडलेला माल उचलायला मावशींनाच सांगितलं. त्यांनी तो घमेल्यात भरला, डोक्यावर घेतला आणि टाकून आल्या. त्यानंतर थापीला हात लावला नाही. "माणूस वाईट न्हवता गं, चार लोकांत लाजला," असं त्या बायकोला म्हणाल्या होत्या.

"आणि तुम्ही रविवारी काय केलंत?" बायकोने विचारलं. मी ताट बाजूला सारलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. कालव्यापलीकडे दोन खोल्या. संजय गवंडीच आहे, पण तेव्हा तो खंडाळ्याकडे एका कारखान्याच्या बांधकामावर होता आणि पंधरा दिवसांनी घरी येत असे, त्यामुळे मावशी एकट्याच होत्या. शेपू निवडत बसल्या होत्या. बसा म्हणाल्या, चहा ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला अवघड गेलं. मी तयारी करून गेलो होतो. म्हणालो, तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, तुमचं काम माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहे, मी उगाच...

त्यांनी मला थांबवलं. "खळगा हुता का न्हवता?"

"होता."

"मंग लाडीगोडी कशाला लावताय." शेपूची काडी बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "चुकलं आसंल तर काढायचंच गुरुजी. म्या न्हाई म्हनत न्हाई. पर माजं मला काढू द्यायचं."

मी अठ्ठावीस वर्षं शिकवतो आहे. चुकलेलं गणित लाल शाईने खोडून शेजारी बरोबर उत्तर लिहिलेल्या वह्या किती झाल्या असतील, त्याचा हिशेब मी त्या खोलीत बसून करू पाहिला आणि सोडून दिला. आता मी चुकलेल्या पायरीभोवती फक्त गोल करतो आणि वही परत देतो. दोन पालकांनी तक्रार केली की सर हल्ली नीट तपासत नाहीत. मुख्याध्यापकांना मी जे कारण सांगितलं त्यात मावशींचं नाव नव्हतं. सांगायला हवं होतं.

शनिवारी मावशी आल्या त्या हातोडा आणि छिन्नी घेऊनच. तोवर गिलावा टणक झालेला. मला वाटलं, वीतभर तुकडा काढतील. त्यांनी अख्खे साडेसहा फूट काढले. नुसता तुकडा काढला तर सांधा दिसतो म्हणाल्या. सकाळ गेली त्यात. मी मदतीला पुढे झालो तर छिन्नी दाखवून मागे सारलं, फक्त पडलेला माल उचलायची परवानगी दिली. मी तो घमेल्यात भरला आणि फाटकाबाहेर खड्ड्यात टाकत राहिलो. रविवारी त्यांनी पुन्हा गिलावा केला. या वेळी बागेच्या बाजूचं फाटक उघडं होतं. गल्लीतून जाणारे दोघेतिघे थांबले, एकाने विचारलं, काय मावशी, गवंडी झालात का? "कवाच झाले," त्या भिंतीकडे पाहतच म्हणाल्या, "तुला आज दिसलं."

शेवटी रंधा खाली ठेवून त्यांनी मला पट्टी आणायला सांगितली. "लावा. वरवर बगू नका, नीट लावा." मी सात ठिकाणी लावली, आडवी, उभी, तिरपी. एकाही ठिकाणी मागे पोस्टकार्ड जाईल एवढीही फट नव्हती. तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "लिवून ठिवा," म्हणाल्या. मी घरातून ती जुनी बांधकामाची वही आणली आणि अठरा वर्षांनी तिच्यात नवी ओळ लिहिली : "गिलावा, साडेसहा फूट – तानूबाई." त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितली. पुढचे दहा दिवस सकाळी भाजी उतरवली की त्या आधी मागे जात आणि आपल्या भागाला स्वतः पाणी मारत. माझ्या भागाला मी मारायचो.

मावशींच्या तेराव्यानंतर संजय आमच्याकडे आला. आई रोज इथे यायची, म्हणून भेटून जावं, एवढंच त्याच्या मनात होतं. कामावर परत निघाला होता, खांद्याला थापी-ओळंब्याची पिशवी. चहा घेताना त्याची नजर मागच्या दारातून भिंतीकडे गेली. गवंड्याची नजर, ती थांबणारच. उठून गेला, सुरुवातीच्या माझ्या दहा फुटांजवळ हसू दाबलं, हात फिरवत पुढे गेला आणि साडेचौतीस फुटांवर बरोबर थांबला.

"हितनं हात बदललाय. हा कुनी मारला?"

मी सांगितलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. भिंतीचं ना सांगलीचं. सांगलीच्या वेळी तो जेमतेम चालायला लागला असेल. मी सगळं सांगितलं, मी खरवडलेली वीतभर जागा आणि त्यावर मावशी काय म्हणाल्या तेसुद्धा. तो तळहात गिलाव्यावर ठेवून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बाबांच्या मागं थापी मी घेतली. तिला कवा इचारलंच न्हाई, तुला येतं का म्हनून."

मग त्याला आईच्याच भागात वरच्या कडेला एक चीर दिसली. मलाही ती ठाऊक होती, उन्हाळ्यात आली असावी. केसाएवढी बारीक, तिरपी. आमच्या घरातलं पांढरं सिमेंट त्याने मागितलं, पिशवीतून थापी काढली. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याला थांबवायचा माझा अधिकार नव्हता. त्याने चिमूटभर सिमेंट तळहातावर भिजवलं, थापीच्या टोकावर घेतलं, हात चिरेपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. मग थापी खाली घेतली, नळावर धुतली, पुसून पिशवीत ठेवली.

"वाढली तर फोन करा," जाताना म्हणाला.

तो गेल्यावर मी चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. लांबी अकरा इंच. दर रविवारी सकाळी पट्टी घेऊन जातो. गेल्या रविवारपर्यंत ती खुणांच्या आतच आहे.